दुसऱ्या सहीची जागा

सरकारी कचेरीच्या खिडकीपुढे उभे राहायची पाळी कधी ना कधी आपल्या सगळ्यांवर येते. कुणाला जन्माचा दाखला हवा असतो, कुणाला घराचा उतारा. आपण अर्ज लिहितो, मग तोच अर्ज पुन्हा लिहितो, कारण पहिल्यात काहीतरी राहिलेले असते. मग वाट पाहतो. आणि पुष्कळदा एवढे करून हाती येतो एक निळा शिक्का : 'नोंद आढळत नाही.' आपण शिक्क्याकडे बघतो, खिडकीतल्या माणसाकडे बघतो, तो आपल्याकडे बघत नसतो, आणि आपण घरी जातो. नोंद नव्हतीच असे आपण मुकाट्याने धरून चालतो. ती होती आणि कुणाच्या तरी हातून गळली, हे आपल्या मनातही येत नाही.

ही गोष्ट अशाच एका गळलेल्या नोंदीची आहे. ज्याच्या हातून ती गळली तो माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. वाईट असता तर त्याला चार शिव्या हासडून तुम्ही-आम्ही मोकळे झालो असतो.

नगरपालिकेच्या इमारतीत, तळमजल्याच्या पार टोकाला, जिन्याखालून वाकून जावे लागे अशा जागी दप्तरखाना होता. लोखंडी फळ्यांचे घोडे, त्यांवर कापडात बांधलेले वह्यांचे गठ्ठे, एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, आणि सायकली ठेवायच्या जागेकडे उघडणारी एक खिडकी. त्या खोलीत काम करणाऱ्या कारकुनाला सगळी इमारत दप्तरकाका म्हणत असे. काकांचे वय सत्तावन्न. लग्न राहून गेलेले. घर म्हणजे एक खोली, जेवण खानावळीत. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि त्यानंतर सकाळी उठून कुठे जायचे, हा प्रश्न ते मनात येऊ देत नसत.

काकांचे काम नकला करण्याचे. जुन्या वह्या कसरीने खाल्लेल्या, पाने हाताला लागली की तुकडे पडणारी. त्यांतल्या नोंदी नव्या छापील नमुन्यावर उतरवायच्या, आणि मग जुनी वही नष्ट करायची. त्याचा नियम भिंतीवर चौकटीत लावलेला होता, काचेवर धूळ असली तरी वाचता येई इतक्या मोठ्या अक्षरांत : मूळ वही एकाने मोठ्याने वाचावी. दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ऐकावे. खाडाखोड, डाग, शेरे, सगळे उतरवावे. जे वाचता येत नाही तिथे 'वाचता येत नाही' असेच लिहावे. मनाने काही भरू नये, मनाने काही गाळू नये. दोघांनी सह्या कराव्यात. त्यानंतरच मूळ वही नष्ट करता येईल.

वीस वर्षे हा नियम त्या खोलीत अक्षरशः पाळला गेला, कारण समोरच्या खुर्चीवर बाई बसत असत. बाई काकांपेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या. त्या वाचायच्या, काका बोट ठेवून ऐकायचे. बाई सगळे वाचायच्या. "इथे शाईचा डाग. इथे खाडाखोड, खालचं अक्षर दिसतंय." एखाद्या जुन्या साहेबाचा शेरा आला, 'अर्जदार वरचेवर येऊन डोके उठवतो', तर तोही चेहऱ्यावरची रेघ न हलवता वाचायच्या, आणि हसू काकांनाच आवरायचे नाही. काकांना त्या दप्तरदार म्हणायच्या, अगदी गंभीरपणे, जणू काही ती मोठी पदवी होती.

नवा छापील नमुना आला तेव्हा त्यात शेऱ्याचा रकानाच नव्हता. छापणाऱ्यांना तो अनावश्यक वाटला असावा. बाईंनी कागदाच्या लांब पट्ट्या कापल्या, खळ लावून प्रत्येक पानाच्या कडेला चिकटवल्या आणि शेरे त्यांवर लिहायला लावले. वरून कुणीतरी विचारलेही, हे काय शेपूट लावलेय कागदाला? बाई म्हणाल्या, माणसाचं खरं काय झालं ते शेपटातच असतं.

बाई निवृत्त झाल्या. चहा झाला, दोन भाषणे झाली. निघताना त्या काकांना म्हणाल्या, या कधीतरी, घर काही लांब नाही. काका म्हणाले, येतो की. आणि गेले नाहीत. आधी वाटले, जाऊन बोलायचे काय? मग इतके महिने गेले की जायचे तर इतके दिवस का आला नाहीत याचे उत्तर तयार ठेवायला हवे होते. ते काही तयार झाले नाही. दहा वर्षे गेली.

बाईंची जागा भरली गेली नाही. काकांनी सुरुवातीला एकट्याने मोठ्याने वाचून पाहिले. वाचायचे, थांबायचे, नकलेवर बोट ठेवायचे, पुन्हा वाचायचे. एक दिवस शिपायाने दारातून डोके घातले. "काका, कुणाशी बोलताय?" तो सहज म्हणाला होता. पण त्या दिवसापासून काकांना त्या खोलीत स्वतःचा आवाज सोसेना. त्यांनी मोठ्याने वाचणे बंद केले.

त्या काळातली पहिली वही त्यांनी एकाच सहीने वर पाठवली. ती परत आली. वर लिहिले होते : 'दोन सह्या आवश्यक. पूर्तता करून पाठवावे.' दुसरा माणूस कुठे आहे असे कुणी विचारले नाही. कागदाला सही हवी होती. वही दोन दिवस टेबलावर पडून राहिली. तिसऱ्या दिवशी काकांनी दुसऱ्या सहीच्या जागी बाईंची सही केली. वीस वर्षे ती सही स्वतःच्या सहीशेजारी पाहिली होती, त्यामुळे हात आपोआप वळला, शेवटच्या टिंबापर्यंत. वही मंजूर झाली. निवृत्त झालेली बाई सही कशी करते, हे इमारतीत एकाच्याही लक्षात आले नाही.

मग ते अंगवळणी पडले. खरे सांगायचे तर काकांना ती सही करायला आवडू लागले. तेवढा क्षणभर समोरच्या खुर्चीवर कुणीतरी बसल्यासारखे वाटे. दहा वर्षांत एकतीस वह्या अशा निघाल्या. ऐकणारे कुणी नाही म्हटल्यावर हळूहळू पट्ट्या चिकटवायचे राहिले, आणि पट्ट्या गेल्या तसे शेरेही गेले.

एका सोमवारी खिडकीपुढे एक गृहस्थ येऊन उभे राहिले. वय सत्तरीच्या पुढे, सदऱ्याच्या खिशात बारीक पेचकस. त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते, म्हणून आपणही त्यांना घड्याळजी म्हणू. अर्ज त्यांनी खिडकीतून आत दिला नाही. आत येऊ का, असे विचारले. दप्तरखान्यात येऊ का असे वर्षानुवर्षे कुणी विचारले नव्हते, म्हणून काका या म्हणाले. ते बाईंच्या खुर्चीवर बसले.

पासष्ट वर्षांपूर्वी गावात तापाची साथ आली होती. घड्याळजींचे आईवडील आठवड्याच्या अंतराने गेले. सहा वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची बहीण नगरपालिकेच्या बालगृहात आली. कपड्यांवर क्रमांक शिवलेले असत. तो दोनशे बारा, ती दोनशे तेरा. तिला एवढा मोठा आकडा म्हणता येत नसे. नाव विचारले की ती 'तेला' एवढेच म्हणायची. एके सकाळी तिची खाट रिकामी होती. कुणीतरी नेली, चांगल्या घरी नेली, एवढेच त्याला सांगितले गेले. बालगृह पुढे बंद पडले, वह्या इथे आल्या. घड्याळजी चार वर्षांपूर्वीही येऊन गेले होते. बायको गेली त्या साली. मूलबाळ नाही.

काकांनी बालगृहाच्या वहीची नक्कल काढली. दोनशे बारा होता, दाखल झाल्याची तारीख होती. दोनशे तेरा होती, तारीख होती. पुढे काही नव्हते. आणि पान हातात घेताच काकांना मूळ वही आठवली. शेरे पेन्सिलीतले होते, पुसट, पानाच्या पार कडेला. वाचायला भिंग लागले असते. पेन्सिलीचे कोण विचारतो, असे तेव्हा त्यांच्या मनात आले होते, तेही आठवले. पानाखाली दोन सह्या होत्या. मूळ वहीचा लगदा होऊन आठ वर्षे लोटली होती.

सवयीने काकांचा हात शिक्क्याकडे गेला.

"शिक्क्याला मागच्या खेपेला विचारून झालंय," घड्याळजी म्हणाले. "म्हणून आज म्हटलं, माणसाला विचारावं."

काकांनी हात मागे घेतला. शनिवारी या, असे ते म्हणाले, आणि ते कशाच्या भरवशावर म्हणाले हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हते. घड्याळजी उठले. जाताना त्यांनी भिंतीवरचे घड्याळ सात मिनिटे मागे असल्याचे पाहिले, विचारले, आणि खुर्चीवर चढून ते बरोबर लावून दिले.

त्या संध्याकाळी काका खानावळीत गेले नाहीत. नकलेचे ते पान पिशवीत घालून ते दहा वर्षे न चाललेला रस्ता चालू लागले. बाईंचे घर वीस मिनिटांवर होते. दार उघडेच होते आणि आतून वाचण्याचा आवाज येत होता. शेजारच्या घरातल्या, डोळ्यांनी अधू झालेल्या आजींना बाई वर्तमानपत्र वाचून दाखवत होत्या, जाहिरातींसकट. काका उंबऱ्याबाहेर उभे राहून ऐकत राहिले. तो आवाज जरा खरखरीत झाला होता, पण थांबण्याच्या जागा त्याच होत्या.

बाईंनी इतके दिवस का आला नाहीत असे विचारलेच नाही. दप्तरदार, बसा, म्हणाल्या. आजी गेल्यावर काकांनी सगळे सांगितले. वही, शेरे, घड्याळजी, आणि सगळ्यांत शेवटी सही. पान पुढे केले. बाईंनी भिंग आणले आणि सहीवर धरले. बराच वेळ पाहिले.

"छान जमलीय. टिंबसुद्धा जागच्या जागी आहे," त्या म्हणाल्या. मग भिंग खाली ठेवले. "किती वह्या?"

"एकतीस. सत्तावीस नष्ट झाल्या. चार अजून आहेत."

बाई रागावल्या असत्या तर काकांना बरे वाटले असते. त्या म्हणाल्या, "दहा वर्षं माझी सही करत होतात. त्यापेक्षा मला बोलवायचं होतं. मी आले असते हो. मी तरी इथे काय करत होते?"

काकांना वर बघवेना. या घरातही एकच कप विसळून पालथा घातलेला होता, हे त्यांना तेव्हा दिसले.

नंतर बाईंनी कामाचे विचारले, अगदी पूर्वीसारखे. मूल बालगृहातून पाठवले म्हणजे सोबत पत्र गेले असणार. पत्र गेले म्हणजे त्या सालच्या जावक वहीत ओळ पडली असणार. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राचा सारांश त्या काळी जावक वहीत लिहीत, हे काकांना माहीत होते. माहीत होते कारण उरलेल्या चार वह्या त्याच होत्या. गेल्या वर्षी काकांनी त्यांच्या नकला केल्या होत्या, आणि नव्या नमुन्यात सारांशाला जागा नसल्याने विषयाच्या रकान्यात नुसते 'बालगृह' लिहून भागवले होते. मूळ वह्या मोहोरबंद करून मागच्या गोदामात ठेवल्या होत्या. शुक्रवारी ट्रक येणार होता.

"मग मोहोर उघडायला लावा," बाई म्हणाल्या.

तिथेच तर घोडे अडत होते. मोहोर उघडायची तर लेखी कारण लागे, आणि नक्कल सदोष आहे याखेरीज दुसरे कारण नियमात नव्हते. ते लिहिले की कशी सदोष, कुणी तपासली, हे येणार. सही येणार. एकतीसच्या एकतीस वह्या उघड्या पडणार. काकांनी हे सगळे सांगितले आणि आठ महिनेच राहिलेत, असे पुटपुटले.

"आपण दोघं मिळून का वाचायचो, सांगा," बाई म्हणाल्या. "तुमच्यावर कुणाचा भरवसा नव्हता म्हणून? तसं नाही. एकट्या माणसाला जे लिहायचा कंटाळा येतो, ते त्याला दिसेनासंच होतं. मलाही झालं असतं. माझ्या वाट्याला तुम्ही होतात म्हणून झालं नाही. त्या पेन्सिलीच्या ओळीत त्या माणसाची बहीण होती, दप्तरदार. ती कागदावरून गेली ती तुमच्या-माझ्या सहीने गेली. तुमचे आठ महिने मी समजते. त्याने पासष्ट वर्षं काढलीत."

काका उठले. दारापर्यंत सोडायला आलेल्या बाई आणखी एक गोष्ट बोलल्या. सत्तावीस वह्यांत काय होतं ते आता तुम्हालाही सांगता यायचं नाही, आणि ते तसंच राहणार. त्याला माझ्याकडे औषध नाही. त्यांनी काकांना खोटा धीर दिला नाही, आणि काकांनीही तो मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी अर्ज लिहिला. दीड पान झाले. एकतीस वह्यांचे क्रमांक, कुठली सही कुणाची, सगळे. तो घेऊन ते हेडक्लार्ककडे गेले. हेडक्लार्क काकांपेक्षा वयाने लहान, मनाने बरा माणूस. पहिला परिच्छेद वाचून त्याने कागदाची घडी घातली आणि काकांच्या हातात परत ठेवली.

"काका, हे मी वाचलंच नाही असं समजतो. घरी जा, फाडून टाका. कोण विचारतंय पेन्सिलीच्या शेऱ्यांना?"

"मीही असंच म्हटलं होतं," काका म्हणाले. "वाचा साहेब. मोठ्याने वाचा. मला ऐकायचंय."

हेडक्लार्कने आजूबाजूला पाहिले. टेबलाटेबलावरची माणसे मान खाली घालून आपापल्या कागदांत होती. मग तो वाचू लागला, आधी पुटपुटत, मग नीट. दहा वर्षांत त्या इमारतीत कुणी कुणाला काही मोठ्याने वाचून दाखवले नव्हते! 'माझ्या हातून दुसरी सही खोटी झाली आहे' या वाक्याशी तो थांबला. काकांनी मान हलवली. तो पुढे वाचत गेला, आणि वाचून झाल्यावर त्याने तो कागद फाडायला सांगितला नाही.

गुरुवारी मोहोर उघडली. शुक्रवारचा ट्रक त्या चार वह्यांवाचून गेला. नियमाप्रमाणे दुसरा माणूस हवा होता आणि दुसरे कुणी मोकळे नव्हते, तेव्हा हेडक्लार्क स्वतः जिन्याखालून वाकून दप्तरखान्यात आला आणि बाईंच्या खुर्चीवर बसला. काका वाचू लागले. पहिल्या पानाला आवाज फुटेना. दुसऱ्याला फुटला. दुपारी तीनच्या सुमाराला ती ओळ आली.

"बालगृह क्रमांक दोनशे तेरा, मुलगी, वय तीन," काका वाचत होते. "टेकडीपलीकडच्या गावच्या प्राथमिक शाळेतील शिक्षिकेच्या स्वाधीन. शेरा. क्रमांक दोनशे बारा हा सख्खा भाऊ. शिक्षिका दोघांना नेण्यास तयार, परंतु मुलगा तापाने आजारी असल्याने मागाहून पाठवावा."

हेडक्लार्कचे बोट नकलेवर तसेच राहिले. मागाहून पाठवावा. कुणी पाठवला नव्हता. काका पुढची ओळ वाचू लागले, कारण वही अजून संपली नव्हती.

शनिवारी घड्याळजी आले. काकांनी त्यांना नक्कल दिली आणि ती अशी उशिरा का मिळाली तेही सांगितले, काही न लपवता. घड्याळजींनी शेरा दोनदा वाचला. मी आजारी होतो होय, एवढेच म्हणाले. ताप आलेला त्यांना आठवत नव्हता. पासष्ट वर्षे त्यांना वाटत आले होते, की आपण नकोसे होतो म्हणून आपल्याला मागे ठेवले.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले, विचारून आत आले आणि त्याच खुर्चीवर बसले. गाव सापडले होते. शाळाही होती. शिक्षिकेचे घर कुणीही दाखवले. दार उघडले बहिणीच्या मुलीने. ती यांच्या तोंडाकडे बघतच राहिली, कारण चेहरा तिच्या आईचा होता. बहीण दीड वर्षापूर्वी गेली होती.

काका खुर्चीत मागे टेकले. घड्याळजींनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला. तो भाचीला आईच्या पेटीत मिळाला होता. नगरपालिकेचे उत्तर, सहा वर्षांपूर्वीचे. वर निळा शिक्का, 'नोंद आढळत नाही', आणि खाली काकांची सही.

"रागावायला आलो नाही," घड्याळजी म्हणाले. "तुम्हाला ठाऊक असावं म्हणून आणला. ती मला शोधत होती."

ते गेल्यावर काकांनी बालगृहाच्या पत्रव्यवहाराची फाईल काढली. वर चार वर्षांपूर्वीचा घड्याळजींचा अर्ज होता, निकाली. तो उचलला. त्याच्या खाली दुसरा अर्ज होता, सहा वर्षांपूर्वीचा, ठळक, शाळेतल्यासारख्या अक्षरातला, निकाली. 'मी आपल्या बालगृहातील क्रमांक दोनशे तेरा. माझ्या आधीच्या क्रमांकाचा मुलगा माझा भाऊ असावा असे मला आठवते. तो कुठे आहे, कळवावे. मी वाट पाहीन.' खाली तिचा पूर्ण पत्ता.

भाऊ-बहीण चार वर्षे एकाच फायलीत एकावर एक होती, आणि त्यांतली अडीच वर्षे ती जिवंत होती. काकांनी दोन्ही अर्ज स्वतःच्या हाताने लावले होते. दोन्हींवर त्यांनीच शिक्का मारला होता. ते दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून काका बसून राहिले. कचेरी सुटली, शिपाई दार लावायला आला, आणि काकांना रडताना पाहून काही न विचारता परत गेला.

नागरिकहो, काकांची चौकशी झाली, ती व्हायलाच हवी होती. सेवापुस्तकात लाल शाईने शेरा बसला. काकांनी आणखी दोन गोष्टी मागून घेतल्या. एक, त्या सत्तावीस वह्यांची यादी खिडकीपाशी लावली गेली, आणि जुना शिक्का मोडून नवा करण्यात आला : 'नक्कल अपुरी आहे. मूळ वही नष्ट झाली आहे. नोंद नव्हती असे समजू नये.' शिक्का लांबलचक आहे, मारताना हात दुखतो, पण तो खरा आहे. दुसरी, जन्मनोंदणी खात्यातल्या एका कारकून महिलेला आठवड्यातून तीन दिवस दप्तरखान्यात बसवले गेले. चार जावक वह्यांच्या नकला नव्याने झाल्या, कडेला पट्ट्या चिकटवून. पट्टी कशी कापायची ते काका रविवारी बाईंकडे जाऊन पुन्हा शिकून आले, आणि पुढच्या रविवारी काही शिकायचे नसतानाही गेले.

तुमच्या-माझ्या गावातही असे दप्तरखाने आहेत. तिथे कुणीतरी आज नकला करत असेल, आणि बहुधा एकटाच असेल. नियम दोन माणसे मागतो आणि आपण त्याला दोन सह्या देऊन गप्प बसवतो. म्हणून कधी त्या खिडकीशी गेलात तर नुसता दाखला मागू नका. हे कुणी वाचले, कुणी ऐकले, मूळ कागद कुठे आहे, हेही विचारा. विचारायचा हक्क तुमचा आहे. आणि खुर्चीवर बसणारे तुम्ही असाल, तर समोरची खुर्ची रिकामी आहे हे वर कळवायला लाजू नका; आपण एकटे आहोत हे लपवण्यापायी काकांनी दुसऱ्यांची माणसे हरवली.

काकांच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचे सेवापुस्तक नव्या नमुन्यावर उतरवायचे होते. हेडक्लार्कने ते स्वतः लिहून आणले. जुने पुस्तक, नवी नक्कल, दोन्ही टेबलावर ठेवून तो समोर बसला आणि वाचू लागला. नेमणूक, बढती, रजा, सगळे आले. लाल शाईपाशी येऊन तो थांबला.

"काका," तो हळूच म्हणाला, "नव्या नमुन्यात शेऱ्याला रकाना नाहीये. सोडून देतो. जुनं पुस्तक काय, पुढच्या महिन्यात नष्टच होणार."

काकांनी खण उघडला. आतून कागदाची एक पट्टी काढली, तिला खळ लावली आणि स्वतःच्या नकलेच्या कडेला नीट दाबून बसवली. मग तिच्यावर बोट ठेवले.

"वाचा," ते म्हणाले. "मी ऐकतोय."